चकती आणि चरखा

वर्ध्याचें मगन संग्रहालय पाहण्याचा योग आम्हांस एका जुन्या लॅपटॉपमुळें आला. बारा वर्षांच्या त्या यंत्राची हार्ड डिस्क टक्‌टक् वाजूं लागली होती, आणि तीर्थरूपांचें सारें लिखाण तिच्यांतच! कारागिरानें आधीं, जिच्यांत कांहींच फिरत नाहीं अशा नव्या एसएसडीवर, सर्व मजकुराची नक्कल उतरविण्यास लावली. त्यास चार तास हवे होते.

तेवढ्यांत आम्ही मगनवाडी गांठली. गांधीजींनीं 30 डिसेंबर 1938 रोजीं उघडलेल्या या संग्रहालयांत चरख्यांचे नाना प्रकार आहेत. 1929 सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यास एक लाख रुपयांचें बक्षीस लावलें होतें. अट अशी कीं, तो निदान 20 वर्षें चालावा व भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा 5 हून अधिक नसावा. लॅपटॉप विकणारांस ही अट कोण घालणार? हल्लींच्या कित्येक पातळ यंत्रांत सांठवणीचा भाग मुख्य फळीसच कथलाचा डाग देऊन जोडलेला असतो; आमच्या जुन्यांत मात्र कांहीं स्क्रू काढतांच डिस्क हातीं आली.

परतलों तों चहा होईपर्यंत ताटकळविणारें यंत्र अर्ध्या मिनिटांत सुरू झालें. तीर्थरूपांचा अपुरा राहिलेला शेवटचा लेख प्रथम उघडला; अक्षरन् अक्षर शाबूत होतें. दुसरी नक्कल त्याच सायंकाळीं धाकट्या बंधूंकडे नागपुरास धाडली.