शब्द जास्ती, शक्ती कमी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाविषयी लिहावे, याचे विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. पण मोटारीला बाजारातला हेडर बसवला तर तिची ताकद खरोखर वाढते का, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो जमाखर्चाच्या वहीतून. निपाणीचा माझा मामेभाऊ जुन्या मारुती जिप्सीतून गुळाच्या ढेपा बेळगावला पोचवतो. तवंदीच्या घाटात गाडी दम टाकते, ही त्याची तक्रार. "हेडर बसव, पाखरासारखी चढेल," असे कुणीतरी त्याला सांगितले. खर्च पंधरा हजार, आणि ते पैसे ब्रेक व टायरसाठी राखलेले. दादाची वही मी लिहितो. ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकावी? भांडवली खर्च म्हणून, की हौस म्हणून?

आधी हेडर म्हणजे काय ते पाहू. जळालेला वायू प्रत्येक सिलिंडरमधून निघून जुन्या गाड्यांत बहुधा बिडाच्या ओतीव मॅनिफोल्डमध्ये एकत्र होतो आणि पुढे सायलेन्सरकडे जातो. ओतकामाच्या बेळगावात बिडाचे गुण सांगायला नकोत. ते स्वस्त, टिकाऊ आणि उष्णता सोसणारे असते. पण अशा मॅनिफोल्डच्या वाटा आखूड असतात आणि एका सिलिंडरचा वायू शेजाऱ्याच्या वाटेत आडवा येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला पोलादाची स्वतंत्र, लांब नळी मिळते व त्या नळ्या पुढे जाऊन जुळतात.

फायदा केवळ वाट मोकळी झाल्याने होत नाही. झडप उघडताच दाबाची लाट नळीतून धावते आणि नळ्या जुळतात तेथून उलटून, ओढ घेऊन, परत येते. झडप मिटण्याच्या सुमारास ती पोचली, तर उरलेला वायू खेचून काढते आणि ताजी हवा आत जास्त येते. सारा खेळ वेळेचा आहे. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते असे धरले, तर १ मीटर नळीतून जाऊन येण्यास तिला ४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा असतो, ३००० फेरे घेणाऱ्याचा २० चा. एका वेगाला नेमकी येणारी लाट दुसऱ्या वेगाला अवेळी येते.

जिप्सीच्या १३०० सीसी इंजेक्शन इंजिनाची ८० अश्वशक्ती मिळते ती ६००० फेऱ्यांना. बाकी इंजिन तसेच ठेवून नुसता हेडर बदलला, तर चांगल्या बनावटीनेही वाढ होते ती थोड्या टक्क्यांची, आणि तीही बहुधा वरच्या फेऱ्यांत. पाच टक्के धरले तरी चार अश्वशक्ती! पण ओझे घेऊन घाट चढणारा गाडी ६००० वर नेतो कुठे? त्याला बळ हवे अडीच-तीन हजारांना. तेथे लाभ नगण्य, कधी तोटाही. शर्यतीच्या गाडीचे निराळे. तिचे कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, इंधनाचे प्रमाण सारेच बदललेले असते आणि इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांत असते. तेथे हेडर आपली किंमत वसूल करून देतो.

उद्यमबागेतल्या एका कानडी मिस्त्रींना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "शब्द जास्ति, शक्ति कम्मि." हे वाक्य मराठी म्हणावे की कानडी? फरक एवढाच, की कानडीत शब्द म्हणजे आवाज आणि मराठीत शब्द म्हणजे वचनही. हेडरच्या व्यवहारात गाडीला कानडी शब्द मिळतो आणि गिऱ्हाइकाला मराठी! मिस्त्रींनी गाडी तपासली. क्लच प्लेट घसरत होती, एअर फिल्टर तुंबला होता, टॅपेट सेट नव्हते. नवी शक्ती विकत घेण्याआधी गळून गेलेली परत आणा, हा त्यांचा सल्ला. त्याला निम्म्याहून कमी पैसे लागले, घाट सुसह्य झाला आणि उरलेल्या पैशांत ब्रेकचे काम झाले. वहीत मी ते दुरुस्ती खात्यावर टाकले.

मग "माझ्या गाडीत फरक पडला" असे सांगणारे सगळे खोटे बोलतात काय? तसे नव्हे. कानाला आवाज म्हणजेच वेग वाटतो. शिवाय हेडरबरोबर प्लग, फिल्टर, ट्यूनिंगही होते, आणि श्रेय सारे हेडरच्या खात्यावर जमा होते. खरा हिशेब डायनोवर. तीच गाडी, तोच दिवस, तेच इंधन, आधी व नंतर अनेक धावा. एकाच गाडीच्या दोन धावांतही एक-दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणून एका कागदावर भरवसा ठेवू नये. खर्चाची बाजूही पुरी मांडावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या अनेक गाड्यांत धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर इंजिनालगतच असतो. हेडर बसवताना तो निघाला, तर विष सर्वांच्या नाकात जाते. आवाज व धुराची मर्यादा मोडणाऱ्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे शिक्षा आहे, ती वेगळीच.

मित्रहो, हौसेला माझा विरोध नाही. हौसेच्या खात्यावर लिहून खुशाल हेडर घ्यावा. पण शक्तीच्या नावाने पैसे मागितले गेले, तर तीन प्रश्न विचारावेत. किती वाढली? किती फेऱ्यांना? कुणी मोजली? उत्तरादाखल कुणी नुसती ॲक्सिलरेटरवर पाय देऊन गाडी गर्जवून दाखवली, तर पाकीट खिशातच ठेवावे.