रिकामी ताटली

क्रीटमध्ये घर शोधताना माझी अट एकच होती: शेजार नको. सोसायटीचं खजिनदारपद सहा वर्षं सांभाळल्यावर सुट्टीत तरी कुणी बेल वाजवू नये, एवढीच अपेक्षा. बेटाच्या पश्चिम भागात, वामोस गावाबाहेर, जैतुनाच्या झाडांत एक दगडी व्हिला मिळाला. पोहायला तलाव, समोर लेफ्का ओरी, म्हणजे ‘पांढरे डोंगर’. फोटो बारा बघितले, नकाशा एकदाही नाही.

बेट ते केवढं असणार! क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे. आर्थर इव्हान्सने 1900 साली खणायला घेतलेला आणि पुढे काँक्रीट ओतून अर्धामुर्धा उभा केलेला क्नोसॉसचा राजवाडा आमच्यापासून शंभरावर किलोमीटर निघाला. जुलैच्या उन्हात भर दुपारी तिथे पोचलो आणि तासाभरात मी गाडीत येऊन बसलो. मूळ भित्तिचित्रं जवळच हेराक्लिओनच्या संग्रहालयात आहेत, बायकोला ती बघायची होती. मी म्हटलं, उद्या. तो उद्या अजून यायचाय, हे ती पाहुण्यांसमोर सांगते.

भाषेची तयारी ‘धन्यवाद’पुरती. बायको शाकाहारी, म्हणून बेकरीत पालकाच्या पाईकडे बोट दाखवून विचारलं, “व्हेज?” बाई म्हणाल्या, “ने.” आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशीही तेच. बायकोने दोन दिवस पाव आणि टोमॅटोवर काढले. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या एका मुलाने उलगडा केला: ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. नाहीला ‘ओही’ म्हणतात, आणि बऱ्याचदा तेही न म्हणता हनुवटी किंचित वर उचलतात.

वाइनच्या बाबतीत मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नाशिकचे दोन द्राक्षमळे फिरून आलो होतो ना! गावातल्या तावेर्नात वाइन किलोवर मागवतात. अर्धा किलो म्हटलं की साधारण अर्ध्या लिटरचा जग समोर येतो. किलोवर कांदे घ्यावेत, वाइन नव्हे, असं मनाशी म्हणत मी लेबलाची बाटली मागितली. मालकांनी निमूट आणून दिली. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर जगच होता, हे मी जेवण संपता संपता पाहिलं. तेवढ्यात कलिंगडाच्या फोडी आणि एक छोटी बाटली आली. “हे आम्ही मागवलेलं नाही,” मी खजिनदाराच्या आवाजात सांगितलं. त्यांनी दोन्ही उचलून नेलं. ती बाटली राकीची होती. वाइनसाठी पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून ती गाळतात आणि जेवणानंतर घरचा पाहुणचार म्हणून ठेवतात. बिलात तिचा आकडा नसतोच.

इथवरच्या चुका सांगताना मला हसू येतं. पुढची सांगताना येत नाही. घरमालकीणबाई बागेपलीकडेच राहायच्या. एका संध्याकाळी त्या ताटलीभर कालित्सूनिया घेऊन आल्या. करंजीएवढ्या, आत मिझिथ्रा नावाचं मऊ चीज, वर मध. आम्ही सगळ्या संपवल्या. सकाळी मी ताटली स्वच्छ घासली, वीस युरोची नोट तिच्यावर ठेवली आणि नेऊन दिली. बाईंनी नोटेकडे पाहिलं. हनुवटी किंचित वर गेली. या वेळी अर्थ बरोबर कळला.

बायकोला सांगितलं तर ती नोटेबद्दल बोललीच नाही. “अहो, शेजारणीची ताटली रिकामी परत केलीत?”

आमच्या वाड्यात आई कुणाचं भांडं रिकामं पाठवायची नाही. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. ती भांडी शाळकरी वयात मीच पोचवायचो.

पुढचे तीन दिवस बागेपलीकडून कुणी आलं नाही. शेजार नको होता, तो नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी बायकोने बॅगेतून भाजक्या पोह्यांचा चिवडा काढला, व्हिलातल्या एका वाडग्यात भरला आणि मला पुढे घातलं. दारात बाईंनी वाडगा घेतला, हुंगला, आम्हाला अंगणातल्या टेबलाशी बसवलं. लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून राकी ओतली गेली. मी मुकाट्याने प्यालो. बाईंनी चिवड्याचा बकाणा भरला आणि नेमकी मिरची दाताखाली आली. डोळ्यांत पाणी. मी हाताने वारा घालत विचारलं, तिखट?

“ने,” म्हणाल्या आणि वाडगा आपल्याकडे ओढला.