गरम पाण्याची सोय

१४ ऑक्टोबर २०२४, नावडे

मोरीची फोडाफोड झाली. टाइल्स बसायच्या आत गरम पाण्याचं ठरवायला हवं, नाहीतर पाइप उघड्यावरून न्यावे लागतील. गावठाणातल्या आमच्या गल्लीत पाइपचा गॅस नाही. खोल्या तापवायची वेळ इथे येत नाही, थंडीत एक गोधडी पुरते. पण आईला बारा महिने कढत पाणी लागतं. पावसाळ्यात गुडघे धरले की दोन वेळा. टाइल्सच्या रंगावर घरात आठवडाभर चर्चा झाली, यावर कुणी बोललंच नाही.

१६ ऑक्टोबर

प्लंबरने गॅस गीझर सुचवला. सिलिंडर जोडला की लगेच पाणी. मी साफ नाही म्हटलं. मोरीला वर एवढीशी झडप, तीही पावसात बंद. कोंडलेल्या जागेत गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. अंघोळ करता करता माणूस बेशुद्ध पडतो. यंत्र बाहेरच्या भिंतीवर बसवता येतं, पण तिथे समोरच शेजाऱ्यांची खिडकी आहे. आपल्या गीझरचा जळका वायू त्यांच्या घरात कसा सोडायचा?

२० ऑक्टोबर

माझा ओढा सौर बंबाकडे होता. आज कागद घेऊन बसलो. बादलीभर, म्हणजे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४२ वर न्यायला २५५ किलोकॅलरी लागतात. विजेत सांगायचं तर सुमारे ०.३ युनिट. पाच जणांचं दीड युनिट, महिन्याचे ४५. टाकीतून निघून जाणारी उष्णता धरून थोडे अधिक.

सौर बंब मार्च ते मे भरभरून पाणी देईल, पण तेव्हा गच्चीवरच्या साध्या टाकीतलंच पाणी दुपारी हाताला चटका देतं. जुलैत आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, त्या वेळी बंबाला विजेची कॉइल लागणारच. पुण्याला हे छान चालतं, तिथे थंडी खरी आणि थंडीत आकाश निरभ्र. आमची गरज नेमकी पावसातली. शिवाय गच्चीपासून आईच्या मोरीपर्यंत वळणं धरून २० मीटर पाइप. पाऊण इंची पाइपात सहा लिटरच्या आसपास गार पाणी अडकून राहतं. ते रोज आधी सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

मित्राने हीट पंपाचं सांगितलं. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. एका युनिटात तीन युनिटांएवढं काम. आमच्या उबदार, दमट हवेत तो उत्तम चालेल. वसतिगृहाला किंवा इस्पितळाला मी तोच सुचवेन. पण दिवसाचं एक युनिट वाचवायला एवढं महाग यंत्र नको.

२४ ऑक्टोबर

ठरलं. पंचतारांकित, २५ लिटरचा विजेचा गीझर, आईच्या खोलीला लागून. गरम पाण्याला सीपीव्हीसीचेच पाइप. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. एक लाइन गच्चीपर्यंत नेऊन बंद करून ठेवायची, पुढे कुणाला सौर बसवायचा झाला तर भिंत फोडायला नको. जुन्या घराच्या अर्थिंगचा भरवसा नाही, म्हणून ते नव्याने. सोबत आरसीसीबी: ३० मिलिअँपिअर वीज गळली की तो पुरवठा तोडतो. वायरमन म्हणाला, "काका, गीझर साधा घ्या हवं तर, पण इथे हात आखडू नका." त्याचं ऐकलं.

२८ ऑक्टोबर

गुरुवारी नरक चतुर्दशी. तांब्याचा बंब माळ्यावर टाकू का, असं आईला विचारलं. "अरे, पहाटे लाइट गेली तर अभ्यंगाचं काय करशील?" तिचं बरोबर आहे. वादळात तार तुटली की इथे तासन् तास वीज येत नाही. बंबाची तोटी गळत होती, पनवेलला नेऊन बदलून आणली. मागच्या अंगणात, धूर मोकळा जाईल अशा कोपऱ्यात त्याच्यापुरती जागा फरशीविना सोडायला मिस्त्रीला सांगितलं आहे.