ब्रोमोच्या काठावर, सत्तरीनंतर

इंडोनेशियाच्या सहलीचा बेत ठरला की घरात हळू आवाजात एक प्रश्न निघतो : बाबांना ज्वालामुखीवर न्यायचे का? पुष्कळदा तो माझ्या दवाखान्यापर्यंत येतो. विचारणाऱ्याला ‘नको’ हेच उत्तर अपेक्षित असते. मी मात्र आधी विचारतो, कोणत्या ज्वालामुखीवर?

या द्वीपराष्ट्रात सव्वाशेच्या आसपास जागृत ज्वालामुखी आहेत. हिंदी महासागराच्या तळाचा कवच-खंड जावा-सुमात्राच्या खाली सरकत जातो, तेथील खडक वितळतो आणि तो रस वाट काढीत वर येतो. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्याच थरांचा. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. जावातील डोंगर अजून श्वास घेतात.

पूर्व जावातील ब्रोमो हा २,३२९ मीटर उंचीचा. त्याचे नाव ब्रह्मदेवावरून आले, असे मानतात. भोवतीचे टेंगर लोक हिंदू आहेत. कसाडा सणाला ते भाजीपाला, कोंबड्या विवराला अर्पण करतात. विवराच्या काठावर गणपतीची मूर्तीही आहे. सूर्योदयाचे दृश्य समोरच्या पेनान्जाकान डोंगरावरून दिसते आणि तेथे जवळपर्यंत जीप जाते. म्हणजे चालणे थोडे. पण पहाटेची थंडी बोचरी आणि उंची २,७०० मीटरांहून अधिक. हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, गरम कपडे घालावेत आणि सकाळच्या गोळ्या हॉटेलात विसरू नयेत. विवराकडे जायचे तर राखेचे वाळवंट ओलांडून सुमारे अडीचशे पायऱ्या चढाव्या लागतात. वाळवंटापुरते घोडे मिळतात, पायऱ्या मात्र स्वतःच्या गुडघ्यांवर. खाली, पायऱ्यांपाशी बसून धूर पाहण्यात कमीपणा मानू नका. तेथून डोंगर अधिक पूर्ण दिसतो, असे माझे मत आहे.

खरी अडचण श्वासाची. विवरातून निघणारा सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आकसवू शकतो. ओला रुमाल किंवा साधा मास्क हा वायू अडवीत नाही. वारा आपल्याकडे वळला की माघारी फिरायचे आणि इनहेलर बॅगेत नव्हे, खिशात ठेवायचा.

कावाह इजेनबद्दल मात्र माझे उत्तर ‘नको’ असेच आहे. निळ्या ज्वाळा पाहण्यासाठी मध्यरात्रीनंतर चढायचे, मग विवरात उतरायचे. तळाशी तीव्र आम्लाचे सरोवर आणि दाट गंधकी धूर. तेथून सत्तर-ऐंशी किलो गंधक खांद्यावर वाहून आणणारे मजूर पाहिले की त्यांच्या फुप्फुसांची काळजी वाटते. दम्याच्या माणसाने तो धूर हौसेने घेऊ नये.

योग्यकर्ताजवळचा मेरापी दुरूनही पाहता येतो. आकाश निरभ्र असेल तर बोरोबुदुरच्या स्तूपावरूनसुद्धा. या डोंगराचे राखणदार होते मारिजान. लोक त्यांना ‘मबाह’, म्हणजे आजोबा, म्हणत. सुलतानाने सोपविलेले ते काम होते. २००६ मध्ये डोंगर खवळला तेव्हा त्यांनी घर सोडण्यास नकार दिला आणि ते वाचले. २६ ऑक्टोबर २०१० रोजी त्यांनी पुन्हा नकार दिला. तप्त वायू व राखेचा लोट किनारेजो गावावरून गेला आणि त्र्याऐंशी वर्षांचे आजोबा आपल्या घरातच गेले. त्यांना खाली नेण्यासाठी आलेल्यांचाही बळी गेला. त्या उद्रेकात एकंदर ३०० हून अधिक माणसे दगावली.

काहींना हा हट्ट वाटतो, काहींना निष्ठा. वृद्धांची सेवा करणाऱ्या तुम्हांला यातले दुसरेच काही जाणवेल : ‘मी हलणार नाही’ हे वाक्य घरोघरी, पुराच्या वेळीही ऐकू येते आणि त्याची किंमत एकट्याला मोजावी लागत नाही. आणीबाणीच्या रात्री वाद घालायला वेळ नसतो. तेव्हा कधीतरी निवांतपणे आईला, वडिलांना विचारून ठेवा की घर सोडायचे झाले तर त्यांना काय सोबत हवे. देवघरातली मूर्ती, जुना फोटो, जे असेल ते. त्याच पिशवीत आठवडाभराची औषधे, दुसरा चष्मा, श्रवणयंत्राचे सेल आणि औषधांची चिठ्ठी घाला. पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवा.