निळे पिंप

डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या तोंडावर, आठवीतल्या पाच जणांनी माझ्याकडे एक अर्ज आणून दिला. "मॅडम, आम्हाला बँड काढायचा आहे." अर्ज मराठीत, सह्या उर्दूत. वाद्यांची यादीही जोडलेली: पाण्याचे निळे पिंप एक, रंगाचे रिकामे डबे तीन, वर्गातला एक बाक. गिटार कोणाकडेच नव्हती. गाणे मात्र तयार होते. त्या पाचांत एकच मुलगी. पनवेलच्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या रांगेवर ते तिने लिहिले होते.

त्यांनी मोबाइलवर 'धारावी रॉक्स' पाहिला होता. 'अ‍ॅकॉर्न इंडिया' या संस्थेने कचरा वेचणाऱ्या मुलांचा उभा केलेला हा बँड. पिंपे, डबे, भंगारात जे येते तेच त्यांचे वाद्य. त्याच धारावीत २०१५ पासून रॅप आणि बीटबॉक्सिंग फुकट शिकवण्याचेही काम चालते.

मी हो म्हटले आणि बाजूला बसून वह्या तपासत राहिले. पहिले तीन दिवस नुसती भांडणे. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच वेळापत्रक करून फळ्याशेजारी चिकटवले. एरवी आठवड्यातून तीनदा गैरहजर असणारा एक मुलगा रोज येऊ लागला, कारण पिंप त्याच्या घरचे होते! बी.एड.ला 'गटकार्य' या विषयावर मी पानेच्या पाने लिहिली होती. ते असे असते हे या वयात कळले.

मग मुलीचे आजोबा आले. जहाजावर आयुष्य काढलेले, शांत गृहस्थ. "मॅडम, पोरीची जात. स्टेजवर वाजवणार, गाणार?" ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी मुली डफावर गात होत्या, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी रागावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना गाऊ द्या म्हटले, ही हदीस मी सांगितली. त्यांनाही ती ठाऊक होती. "डफ वेगळा," ते म्हणाले. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. मी काही मुफ्ती नाही.

पण माझ्या डोक्यात श्रीनगरच्या 'प्रगाश'मधल्या तीन दहावीच्या मुली होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये स्पर्धेत बक्षीस मिळवले, फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद. मुफ्तींनी गैर-इस्लामी म्हटले हे एक. पण त्याआधी इंटरनेटवर आपल्याच लोकांनी त्या पोरींना जे घाणेरडे लिहिले, ते मला जास्त लागले होते. उलट इंडोनेशियात गारुतच्या मदरशातल्या तीन हिजाबी मुलींनी २०१४ मध्ये शिक्षकाच्या मदतीने 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा बँड काढला. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

हे मी आजोबांना सांगितले नाही. तडजोड केली. गाणे तिचे, गाणार मुलगा. ती पडद्यामागे उभी राहील.

कार्यक्रम छान झाला. टँकरच्या ओळीला पालकांनी टाळ्या दिल्या, आजोबांनीही. पडद्यामागे ती मांडीवर हाताने ताल धरून होती, आणि मुलगा दुसऱ्या कडव्यात अडखळला तेव्हा शब्द तिनेच पुरवले. माईकपर्यंत तिचा आवाज पोहोचला नाही.

परवा मधल्या सुट्टीत आली. "मॅडम, पुढच्या वर्षी डफ घेतला तर मी समोर उभी राहू?"

आजोबांचा नंबर माझ्याकडे आहे. अजून लावलेला नाही.