मेळघाटच्या कोवळ्या उन्हातला रानपिंगळा

जानेवारीतली रविवारची पहाट. सेमाडोहला फजरची नमाज आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या. सिपना नदीवर धुके साचले होते. सोबत थर्मासभर चहा, डब्यात रात्रीचे पराठे आणि शामी कबाब. शिवाय जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली, तांदूळ भरलेली एक पिशवी. जिप्सीच्या कठड्यावर ती ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की थंडीने हात थरथरला तरी कॅमेरा हलत नाही. ही युक्ती दादींची. पिशवी शिवली त्यांनीच, मात्र कशासाठी हे कळल्यावर म्हणाल्या, "अरे, उल्लूचे फोटो काढायला निघालात? आणि ते घरात लावणार?"

आम्ही अचलपूरचे. मेळघाटचे डोंगर लहानपणापासून पाहत आलो. परतवाड्याहून धारणीला नातेवाइकांकडे जाताना हा घाट किती वेळा ओलांडला, याची गणती नाही. पण याच सागाच्या जंगलात जगातले एक दुर्मीळ घुबड राहते, हे कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलाने सांगेपर्यंत माहीत नव्हते.

त्याचे नाव रानपिंगळा. आकाराने साधारण साळुंकीएवढा, जेमतेम २३ सेंटिमीटर. आपल्या घराजवळच्या चिंचेवर कलकलाट करणारा पिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. चोच आणि डोके मोठे, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोट पांढरे. आणि मुख्य म्हणजे हा दिवसा वावरतो. हिवाळ्यात पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यावर तो ऊन खात बसतो. म्हणूनच सकाळच्या उजेडात त्याचा फोटो मिळू शकतो.

सोबतचे कोरकू वाटाडे काका निवांत होते. "थांबा जी. ऊन आलं की थोही येते."

सूर्य सातच्या सुमारास उगवला, पण डोंगराआडून ऊन यायला वेळ होता. अर्धा तास गेला. मुलाने हळूच मोबाइल काढला. "अब्बू, याच्यात त्याचा आवाज आहे. लावू का? दोन मिनिटांत समोर येईल."

काकांनी मान हलवली. त्यांनी जे समजावले ते आम्हाला पटले. आवाज ऐकून नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. मग तो शिकार सोडतो, मादीला सोडतो आणि नसलेल्या शत्रूला हाकलायला उघड्यावर येतो. तेवढ्यात शिक्रा टपलेला असला तर? आणि हा सगळा त्याचा विणीचा काळ. आपल्या दाराची बेल वाजवून कोणी रोज पळून जावे, तसेच हे. मुलाने मोबाइल खिशात टाकला खरा, पण तोंड फुगवूनच बसला.

आणखी वीस मिनिटांनी काकांनी बोट दाखवले. निष्पर्ण सागाच्या फांदीवर तो येऊन बसला होता. ऊन तिरपे, मधासारखे. पिवळ्या डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका चमकत होता. तो ठिपका असला की फोटोतला पक्षी जिवंत वाटतो; दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात तो मिळत नाही आणि डोळ्यांखाली काळोख पडतो. पांढऱ्या पोटाचे बारकावे जळून जाऊ नयेत म्हणून आम्ही उजेड किंचित कमी ठेवला. फोकस डोळ्यावर. शेपटी झटकत तो इकडेतिकडे बघत होता, तेव्हा शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. दहा मिनिटांनी काका म्हणाले, "आता चला." आम्ही निघालो. तो तिथेच बसून होता. पाहुणे गेल्याचे त्याला कळलेही नसावे.

खरी परीक्षा घरी आल्यावर संगणकासमोर झाली.

आम्ही फोटो रॉ स्वरूपात घेतो. म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही रंगरंगोटी न केलेला, कच्चा माल. तो निवडावा, धुवावा लागतो. पहाटेची सोनेरी छटा "दुरुस्त" करून पांढरी करायची नाही, ती त्या वेळेची खूण आहे. जास्त उजळ भाग जरा उतरवायचा, सावली थोडी उचलायची. कमी उजेडामुळे आलेले दाणे मागच्या धूसर जंगलातून काढायचे, पण पिसांवर तो हात फिरवायचा नाही, नाहीतर पक्षी प्लास्टिकचा दिसतो. धार फक्त डोळा आणि चेहऱ्याला. आमची चौकट ६००० बाय ४००० बिंदूंची. कापून ३६०० बाय २४०० उरली. बारा इंच बाय आठ इंच छापायला तेवढी पुरे.

एकच अडचण होती. छातीसमोरून एक वाळकी काडी आडवी गेली होती. मुलाने दोन मिनिटांत ती पुसली. चित्र सुंदर झाले. त्याला ते एका स्पर्धेला पाठवायचे होते. "काडीच तर आहे," तो म्हणाला. आम्हा दोघांनाही चटकन उत्तर सुचले नाही. मग याच पक्ष्याची गोष्ट आठवली.

१८७३ मध्ये ह्यूम यांनी रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ मध्ये खानदेशात डेव्हिडसन यांनी नमुने गोळा केले, त्यानंतर तो जणू नाहीसाच झाला. मध्येच रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याकडे १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळालेला नमुना असल्याचे सांगितले. लोकांनी विश्वास ठेवला. सलीम अलींसारख्या जाणकारानेही हा पक्षी शोधला, पण तो सापडला नाही. १९८७ मध्ये ते गेले. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासले तेव्हा कळले, की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, नव्याने शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या ठिकाणांवर भर दिला आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर डॉ. फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी त्याच्या राहणीचा अभ्यास केला.

एवढ्याशा चिठ्ठीने इतक्या लोकांना चुकीच्या वाटेला लावले. उजेड सावरणे म्हणजे जे होते ते नीट दाखवणे. काडी पुसणे म्हणजे जे नव्हते ते दाखवणे. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने काडी परत आणली आणि फोटो तसाच पाठवला. निवड झाली नाही. त्याला वाईट वाटले, आम्हालाही वाटले.

एक गोष्ट मात्र आम्ही पुसली, ती म्हणजे फोटोत नोंदलेले ठिकाण. दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडे पकडणारे लोक आहेत. त्यांना पत्ता कशाला द्यायचा? या लेखातही म्हणूनच ते झाड सांगितलेले नाही.

राहिला दादींचा प्रश्न. जुन्या अरबांतही घुबडाविषयी भयंकर समजुती होत्या. मारल्या गेलेल्या माणसाचा आत्मा पक्षी होऊन सूड मागत ओरडतो, असे ते मानत. प्रेषितांनी (स.) हा अपशकुन साफ नाकारला. मुलाने हे सांगितल्यावर दादी काही बोलल्या नाहीत. फक्त चष्मा मागितला.

फोटो आता बैठकीत लागला आहे. परवा दादींनी जवळ जाऊन बघितले. "ही काडी मध्येच कशी रे?"

"ती तिथे होतीच, दादी."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.