दुपारी दोनची टेस्ट

बाबांनी नवीन मेमरी कार्ड आणलं त्या दिवशी मी गप्प बसलो. जुन्या कार्डात काहीच बिघाड नव्हता, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं.

बाबा अकोल्यात लग्नाचे फोटो काढतात. पीसी मी जोडला होता तो त्यांच्या एडिटिंगसाठी, असं घरात सांगून. रायझेन 5 3600, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, डब्यावर लिहिलेला वेग 3200. खरं कारण गेमिंग होतं हे बाबांनाही कळत असणार, पण ते काही बोलले नाहीत.

3200 वर मी वर्षभर सुखात होतो. मग जानेवारीतल्या एका रात्री रॅम 3600 वर नेली. व्होल्टेज 1.35 वरून 1.4 केलं, टायमिंग कमी केले. पीसी सुरू झाला. रात्रभर मेमटेस्ट लावली, सकाळी स्क्रीनवर हिरव्या रंगात ‘पास’. मित्रांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. गेममध्ये किती फरक पडला विचाराल तर तीन-चार फ्रेम. पण आकडा मोठा दिसत होता, आणि तो मी कमावला होता.

मार्चमध्ये किरकोळ गोष्टी सुरू झाल्या. ब्राउझरचा एखादा टॅब आपोआप बंद पडायचा. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना सीआरसी एरर यायचा, आणि तीच फाइल पुन्हा उघडली की नीट उघडायची. इथंच मला कळायला हवं होतं. फाइल खराब असती तर ती दरवेळी खराब निघाली असती. पण मी आधी नेटला शिव्या दिल्या, मग ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, मग विंडोज नव्यानं टाकलं. स्वतः लावलेल्या सेटिंगवर संशय घ्यायला माणूस किती वेळ लावतो!

मे महिन्यात एका लग्नाचे फोटो कॉपी केले. दोन हजारांच्या वर होते. यादीत सगळे थंबनेल छान दिसत होते. बाबांनी एकेक उघडायला घेतले तेव्हा चौदा फोटो अर्ध्यातून खाली गुलाबी-हिरवे निघाले. थंबनेल फाइलच्या सुरुवातीला वेगळा साठवलेला असतो, म्हणून तो वाचला होता. जेपेगमध्ये पुढचा भाग मागच्या भागावर अवलंबून असतो. मध्ये एक बिट उलटला, शून्याचा एक झाला, की तिथून पुढचे रंग घसरतात. त्या चौदांमध्ये नवरीचे आजोबा व्हीलचेअरवरून अक्षता टाकतानाचा फोटो होता. तसा एकच होता.

कार्ड तोवर फॉरमॅट करून दुसऱ्या कार्यक्रमात वापरून झालं होतं. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती मी याच पीसीवरून भरली होती. तिच्यात तेच चौदा फोटो तसेच गुलाबी.

“कार्डच खराब झालं असंन,” बाबा म्हणाले. थोड्या वेळानं, “नाहीतर मायंच चुकलं काही.”

ते नवरीच्या वडिलांना फोन लावत होते तेव्हा मला झिप फाइल आठवली. कार्डावरून निघालेली फाइल डिस्कवर पोचण्याआधी रॅममधून जाते. रॅमनं तिथं एक अक्षर बदललं तर डिस्क ते बदललेलं अक्षर इमानदारीनं लिहून घेते. 2003 मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथं मतमोजणीत एका उमेदवाराला 4096 मतं जास्त मिळाली होती. दोनचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटलेला. तिथं अवकाशातून आलेल्या कणावर संशय घेतला गेला. माझ्याकडे तशी सोय नव्हती.

पण जानेवारीत ‘पास’ कसं आलं होतं? हे समजायला तीन दिवस लागले. रात्री पुन्हा टेस्ट लावली तर एकही एरर नाही. मग दुपारी दोनला बसलो. बाहेर 44 अंश, कूलर बंद. विंडोजमध्येच रॅमची टेस्ट लावली आणि सोबत ग्राफिक्स कार्ड तापवणारी दुसरी. तेविसाव्या मिनिटाला पहिला एरर आला.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर. त्यातला चार्ज सतत गळत असतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. उन्हाळ्यात माठ जास्त पाझरतो ना, तसा तापल्यावर हा चार्ज जास्त गळतो. आणि या भरण्यासाठी जो वेळ राखून ठेवलेला असतो, टीआरएफसी, तोच मी कमी केला होता. 630 वरून 400. जानेवारीच्या रात्री तेवढ्यात भागत होतं.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एका वेळी एकच बदल. सगळं डिफॉल्टवर, 2133: एरर नाही. 3200: नाही. 3600, टायमिंग सैल: तीन तास झाले, नाही. फक्त टीआरएफसी 400: आला. व्होल्टेज वाढवून वाचवू म्हटलं, 1.45 केलं, तर रॅम आणखी तापली आणि एरर आणखी लवकर आला. तेव्हाही मी सेटिंग वाचवायलाच बघत होतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

उत्तर सापडलं त्याच संध्याकाळी बाबा नवीन कार्ड घेऊन आले. बिलातले तीन हजारही त्यांनी कमी केले होते. मी पुढचे सोळा दिवस काही बोललो नाही. रॅम 3200 वर आणली, आणि कॉपी झाल्यावर कार्डावरची व डिस्कवरची फाइल ताडून बघणारा प्रोग्राम टाकला. वाटलं, एवढं पुरेल.

सतराव्या दिवशी बाबा एका ओळखीच्या फोटोग्राफरला फोनवर सांगत होते, “आता नजर पहिल्यासारखी नाही राहिली, कार्डाकडं लक्षच गेलं नाही.” फोन ठेवल्यावर मी सांगितलं. रॅम, वेग, उष्णता, सगळं. त्यांना अर्धं कळलं नसेल.

“म्हंजे ते कार्ड चांगलं होतं?”

“हो.”

“कात्रीनं कापून फेकलं न मी ते.”

मी काय बोलणार. बराच वेळ ते पीसीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आता हे बरोबर चालते, हे तुले कसं समजते?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कूलर बंद केला, दोन्ही टेस्ट लावल्या. बाबांनी खुर्ची ओढली, गळ्यातल्या दुपट्ट्यानं घाम पुसला आणि एररच्या रकान्यातल्या शून्यावर नजर ठेवून बसले. पाऊण तासानं आईनं येऊन विचारलं, काय बघताय. बाबांनी हातानंच तिला थांबवलं.